नऊ दिवसांचे बाळ आणि ‘दूध पुरत नाही’ ही शंका

तुमच्या प्रश्नाचा आशय आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे हे इतर मातांनाही समजेल. सिझेरियनने झालेली तुमची पहिली मुलगी आज नऊ दिवसांची आहे. जन्मतः तिचे वजन २ किलो ९०० ग्रॅम होते, चौथ्या दिवशी घरी येताना ते २ किलो ६४० ग्रॅम भरले आणि आज २ किलो ७०० ग्रॅम आहे. अंगावर घेताना पहिली काही मिनिटे डोळ्यांत पाणी येईल इतके दुखते, दोन्ही स्तनाग्रांना चिरा पडल्या आहेत, बाळ पाच-सात मिनिटांत झोपी जाते आणि खाली ठेवले की रडते. तुम्हाला दूध पुरेसे येत नाही असे घरच्यांनी ठरवले आहे आणि दिवसातून तीन वेळा बाटलीने पावडरचे दूध सुरू केले आहे. ते बाळ गटागटा पिते व चार तास शांत झोपते, त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली आहे. शू दिवसातून पाच वेळा होते, शी पिवळी व तीन वेळा होते. तुम्ही विचारता की मला खरोखरच दूध कमी आहे का, आणि वरचे दूध थांबवता येईल का.

मी बावीस वर्षे बाळंतिणींच्या कक्षात परिचारिका म्हणून काम केले आणि त्यातील निम्म्याहून अधिक काळ स्तनपान समुपदेशनाचेच काम पाहिले. त्या अनुभवावरून आधी उत्तर सांगते आणि मग कारणे देते. तुमच्या अंगात दूध तयार होण्याची क्षमता कमी आहे असे तुम्ही लिहिलेल्या एकाही लक्षणावरून दिसत नाही; ते दूध बाळाच्या पोटात पुरेसे पोहोचत नाही, असे मात्र स्पष्ट दिसते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. वरचे दूध थांबवता येईल, पण उद्या सकाळी एकदम नव्हे.

घरच्यांची काळजी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचे वजन उतरणे स्वाभाविक असते. सात टक्क्यांपर्यंतची घट आम्ही नेहमीची मानतो आणि दहा टक्क्यांजवळ गेली की बारकाईने पाहतो. तुमच्या मुलीची घट सुमारे नऊ टक्के होती. दूध भरल्यानंतर, म्हणजे साधारण पाचव्या दिवसापासून, बाळाने रोज २० ते ३० ग्रॅम कमवावे आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माचे वजन परत गाठावे, अशी अपेक्षा असते. तिने पाच दिवसांत ६० ग्रॅम कमावले, म्हणजे निम्मेच, आणि तेही वरचे दूध घेऊन. शूची संख्याही या वयात चोवीस तासांत सहा किंवा अधिक असायला हवी. शी पिवळी झाली आहे ही चांगली खूण आहे, कारण दूध पोटात जाऊ लागल्याखेरीज काळी शी पिवळी होत नाही. या सगळ्याचा अर्थ असा की घाबरण्याचे कारण नाही, पण थांबून वाट पाहण्याइतकी सवडही नाही. येत्या दोन दिवसांत बाळ बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच.

आता चिरांविषयी, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे. ‘पहिलटकरणीला थोडे दुखायचेच’ असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते आणि त्या वाक्यामुळे किती मातांनी मुकाट्याने सोसले आहे याची गणती नाही. पहिल्या आठवड्यात सुरुवातीचे काही क्षण ओढ लागल्यासारखे वाटू शकते. चीर पडणे, रक्त येणे आणि संपूर्ण वेळ दुखत राहणे याचा अर्थ मात्र बाळाची पकड उथळ आहे, म्हणजे बाळाच्या तोंडात फक्त स्तनाग्र आहे. स्तनाग्र बाळाच्या पुढच्या हिरड्यांत आणि कडक टाळ्यावर घासले जाते, म्हणून चीर पडते. आणि दुधाच्या नळ्यांवर बाळाच्या जिभेचा दाब नीट पडत नाही, म्हणून दूधही कमी निघते. दमलेले बाळ अर्धपोटी झोपते आणि थोड्या वेळाने पुन्हा रडते. तुमचे दुखणे आणि तिचे रडणे या एकाच कारणाच्या दोन बाजू आहेत.

खोल पकड कशी असते ते शक्य तितके तपशिलात सांगते. तुम्ही पाठीला भक्कम टेकण घेऊन बसा, पाय जमिनीवर किंवा पाटावर टेकलेले असावेत, आणि बाळ तुमच्याकडे आणा. तुम्ही बाळाकडे वाकू नका. बाळाचे दुपटे सोडा. आपल्याकडे बाळाला हातपाय आवळून गुंडाळण्याची सवय आहे, पण गाठोड्यासारखे बांधलेले बाळ स्तनाला नीट बिलगू शकत नाही आणि उबेने लवकर झोपते. बाळाचे पोट तुमच्या पोटाला लागलेले असावे आणि कान, खांदा व कंबर एका रेषेत असावी. मान एका बाजूला वळवून गिळणे तुम्हा-आम्हालाही जड जाते. उजव्या बाजूला पाजत असाल तर डाव्या हाताने बाळाच्या पाठीचा वरचा भाग आणि मानेचा पाया धरा; डोक्यावर मागून दाब देऊ नका, दाबले की बाळ उलट मागे झुकते. उजव्या हाताने स्तनाला खालून आधार द्या, बोटे काळसर भागापासून दूर ठेवा. दोन बोटांच्या कात्रीत स्तन धरण्याची पद्धत सोडून द्या, कारण ती बोटे नेमकी बाळाच्या ओठांच्या आड येतात.

आता बाळाचे नाक स्तनाग्रासमोर आणा, तोंड नव्हे. स्तनाग्र वरच्या ओठावर हलकेच टेकवा आणि थांबा. बाळ आधी ओठ चाटेल, मग तोंड थोडे उघडेल. तेवढ्यावर घाई करू नका. जांभई दिल्यासारखे तोंड मोठे उघडले आणि डोके किंचित मागे गेले की त्याच क्षणी बाळाला जवळ ओढा, हनुवटी आधी टेकेल अशा रीतीने. बरोबर लागले असेल तर हनुवटी स्तनात रुतलेली दिसेल, खालचा ओठ बाहेर दुमडलेला असेल, गाल फुगीर असतील आणि काळसर भाग बाळाच्या वरच्या ओठाच्या वर जास्त, खालच्या ओठाखाली जवळजवळ दिसणार नाही. गालाला खळी पडत असेल किंवा चट्चट् आवाज येत असेल तर पकड सुटलेली आहे. अशा वेळी बाळाला ओढून काढू नका. ओठांच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी आत घाला, हवा शिरली की तोंड आपोआप सुटेल, आणि पुन्हा पहिल्यापासून लावा. पहिल्या दिवसांत एका वेळेला चार-पाच प्रयत्न करावे लागले तरी ते करावेत. चुकीच्या पकडीवर वीस मिनिटे सोसण्यापेक्षा ते बरे.

तुमचे टाके अजून ओले आहेत, म्हणून मांडीवर बाळ घेताना पोटावर भार येत असेल. त्यासाठी बाळाला काखेखाली, पाय तुमच्या पाठीकडे जातील असे, उशीवर ठेवून पाजता येते. सिझेरियन झालेल्या बऱ्याच मातांना ही पद्धत सर्वांत सोपी जाते. रात्री कुशीवर निजून पाजता येते, मात्र बाळाच्या आसपास सैल पांघरूण व मऊ उशा नसाव्यात, आणि पाजणे झाले की बाळ त्याच्या जागी परत ठेवावे.

बाळ दूध पिते आहे की नुसते चोखते आहे, हे ओळखायला घड्याळाचा उपयोग होत नाही, कानांचा होतो. काही वर्षांपूर्वी कक्षातील एक बाळंतीण मला पुन्हा पुन्हा सांगत होती की तिच्या अंगाला दूधच नाही. दुपारची वेळ होती. पंखा बंद केला, दार लोटले, बाळाची पकड नीट करून दिली आणि तिला डोळे मिटून फक्त ऐकायला सांगितले. आरंभी बाळाचा जबडा भराभरा आणि वरवर हलत होता, आवाज काही नव्हता. मिनिटभराने ती लय बदलली. जबडा खोलवर, सावकाश खाली जाऊ लागला, खाली गेल्यावर क्षणभर थांबू लागला, आणि प्रत्येक थांब्यानंतर श्वास सोडल्यासारखा एक अगदी बारीक ‘खः’ असा आवाज येऊ लागला. तो घोट होता. तिने डोळे उघडले तेव्हा दुसऱ्या बाजूचा पदर ओला झाला होता. पान्हा फुटणे म्हणतात ते हेच. काही जणींना त्या वेळी स्तनात मुंग्या आल्यासारखे वाटते, काहींना ओटीपोटात कळ येते, काहींना एकदम तहान लागते, आणि काहींना काहीच जाणवत नाही. म्हणून स्वतःच्या जाणिवेपेक्षा बाळाच्या घोटांवर विश्वास ठेवा. सलग दहा-बारा मिनिटे असे घोट ऐकू आले, मग बाळाच्या आवळलेल्या मुठी हळूहळू उलगडल्या आणि हात सैल पडला, तर त्या खेपेला बाळाचे पोट भरले असे समजा.

आता बाटलीबद्दल. बाळ बाटलीतले दूध गटागटा पिते म्हणून ते उपाशी होते, असा निष्कर्ष काढला जातो. बाटलीच्या बुचातून दूध आपोआप ओघळते. तोंडात आलेला घोट नवजात बाळाला गिळावाच लागतो, नको असला तरी. पावडरचे दूध पचायला जड असते, म्हणून झोपही लांबते. पोटभर जेवलेले बाळसुद्धा समोर आलेली बाटली संपवू शकते. तेव्हा त्या गटागटा पिण्याला पुरावा मानू नका. उलट त्याचा एक तोटा होतो. स्तनात दूध किती तयार व्हायचे हे स्तनातून किती निघते यावर ठरते. दूध साठून राहिले की स्तनातील पेशींना निर्मिती कमी करण्याचा संदेश मिळतो, आणि ते निघून गेले की वाढवण्याचा. दिवसातून तीन वेळा बाटली आणि प्रत्येक बाटलीनंतर चार तासांची झोप, म्हणजे बारा तास स्तनाला मागणीच नाही. महिनाभर असे चालले तर आज जी केवळ शंका आहे ती खरी होईल, आणि घरातले म्हणतील की आम्ही आधीच सांगत होतो. हे दुष्टचक्र मी इतक्या वेळा पाहिले आहे की तुम्ही नवव्या दिवशी विचारलेत याचा मला मनापासून आनंद वाटतो. चाळीस दिवसांनी विचारले असते तरी मार्ग निघाला असता, पण कष्ट जास्त पडले असते.

दूध निघाले की दूध तयार होते, या नियमाचा सर्वांत बोलका पुरावा मातृदुग्धपेढीत दिसतो. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अशा पेढ्यांमधून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दूध मिळते, आणि दूध देणाऱ्यांत कित्येकदा अशाच बाळांच्या माता असतात. त्यांचे स्वतःचे किलो-सव्वा किलोचे बाळ काचेच्या पेटीत असते, त्याने एकदाही चोखलेले नसते; तरी दर दोन-तीन तासांनी हाताने किंवा पंपाने दूध काढत राहिल्याने त्यांचा पान्हा टिकतो आणि वाढतो.

तुम्हालाही पुढचे काही दिवस हेच करायचे आहे, आणि त्यासाठी महागडा पंप लागत नाही. हात साबणाने धुवा, उकळून घेतलेली स्टीलची रुंद वाटी घ्या, स्तनाला दोन मिनिटे कोमट ओल्या फडक्याने शेका आणि बोटांनी अगदी हलके गोंजारा. मग अंगठा वर आणि तर्जनी खाली, स्तनाग्रापासून साधारण दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवा. बोटे आधी छातीच्या फासळ्यांकडे मागे दाबा, मग एकमेकांकडे दाबा, मग सोडा. मागे, एकत्र, सोडा, हीच लय ठेवा. बोटे कातडीवरून घसरू देऊ नका आणि स्तनाग्र पिळू नका, त्यातून काही निघत नाही. पहिले मिनिट-दोन मिनिटे एखादा थेंबच येईल आणि पुष्कळ माता तिथेच हात टेकतात. थांबू नका, पान्हा फुटला की बारीक धारा सुरू होतात. बोटांची जागा घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत राहा, म्हणजे सगळीकडच्या नळ्या मोकळ्या होतील. वाटीत २० मिलिलीटरच दिसले म्हणून मन खट्टू करून घेऊ नका. बाळाचे तोंड हातापेक्षा कितीतरी पटींनी कुशल असते, त्यामुळे वाटीवरून आपल्या दुधाचे मोजमाप होत नाही.

क्रम असा ठेवा. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा बाळाला घ्या आणि सध्या दोन पाजण्यांमध्ये तीन तासांहून अधिक अंतर पडू देऊ नका, रात्रीसुद्धा. दूध तयार करणाऱ्या संप्रेरकाची पातळी रात्री अधिक असते, म्हणून रात्रीचे पाजणे टाळणे सर्वांत महागात पडते. बाळ झोपाळू असेल तर दुपटे काढा, लंगोट बदला, तळपायांना चोळा, उघड्या छातीवर कातडीला कातडी लागेल असे ठेवा आणि वरून दोघींवर चादर घ्या; दहा-पंधरा मिनिटांत बहुतेक बाळे स्वतःच तोंड शोधू लागतात. मूठ चोखणे, ओठ चाटणे, मान वळवणे या भुकेच्या खुणा आहेत. रडणे ही शेवटची खूण आहे, आणि रडणाऱ्या बाळाला नीट पकड घेता येत नाही, आधी शांत करावे लागते. एका बाजूचे बाळाने स्वतःहून सोडेपर्यंत पाजा, ढेकर काढा, मग दुसरी बाजू द्या. घोट कमी झाले आणि बाळ पेंगू लागले तर ज्या हाताने स्तनाला आधार दिला आहे त्याच हाताने तो हलकेच दाबून धरा. दूध पुन्हा तोंडात येते आणि बाळ पुन्हा गिळू लागते. पाजून झाल्यावर दिवसातून पाच-सहा वेळा, दोन्ही बाजूंचे मिळून दहा-पंधरा मिनिटे हाताने दूध काढा आणि ते बाळाला वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. आजीच्या काळचे चांदीचे किंवा पितळेचे बोंडले माळ्यावरून काढावे असा माझा आग्रह नाही. नव्याने मिळणारे स्टीलचे बोंडले घासायला व उकळायला सोपे असते. बाटली मात्र बंद करा, कारण बुचावर जी जीभ चालवावी लागते ती स्तनावर चालत नाही, आणि पकड शिकण्याच्या दिवसांत बाळाला दोन परस्परविरोधी धडे देऊ नयेत.

वरचे दूध आज जेवढे चालू आहे तेवढे पहिले दोन दिवस राहू द्या, पण ते अंगावर पाजून झाल्यानंतरच द्या आणि त्यातील जितका भाग तुमच्या काढलेल्या दुधाने भरून निघेल तितका भरून काढा. तिसऱ्या दिवशी त्याच काट्यावर, कपडे काढून वजन करा. रोजचे २५-३० ग्रॅम वाढत असतील तर तीनपैकी एक वेळ कमी करा, आणखी दोन दिवसांनी दुसरी. वजन वाढत नसेल तर कमी करू नका आणि डॉक्टरांशी बोला; अशा वेळी वरचे दूध हे औषधासारखे आहे, त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. जोवर ते द्यावे लागते तोवर पाणी उकळलेले असावे आणि पावडर डब्यावरील मापानेच घालावी. डबा पुरवून वापरण्यासाठी पातळ केलेल्या दुधामुळे सुकलेली बाळे मी पाहिली आहेत. घरच्यांना ते पोटभर पाजल्यासारखेच वाटत होते. भारतात १९९२ च्या कायद्याने शिशुदुग्ध पर्यायांची जाहिरात करण्यास आणि मातांना त्याचे मोफत नमुने देण्यास बंदी आहे, हेही माहीत असावे, म्हणजे कोणी प्रेमाने डबा पुढे केला तर तो कोणत्या हेतूने दिला जातो आहे हे विचारता येईल.

चिरांवर पाजून झाल्यावर स्वतःच्या दुधाचा थेंब लावून वाळू द्या, साबण व जंतुनाशक लावू नका, हवे असल्यास शुद्ध लॅनोलिन (लोकरीतून मिळणारे स्निग्ध मलम) लावा. जी बाजू कमी दुखते तिने सुरुवात करा. पकड सुधारली की दोन-तीन दिवसांत चिरा भरू लागतात. पकड नीट दिसत असूनही दुखणे तसेच राहिले तर बाळाच्या जिभेखालचा पडदा आखूड आहे का, आणि तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे आहेत का, हे दाखवून घ्या. स्तनात गाठ, लाली आणि ठणका सुरू झाला तरी पाजणे थांबवायचे नसते. पूर्वी आम्हीच अशा गाठी जोरात चोळायला सांगत असू. आता ते चुकीचे ठरले आहे, जोराच्या चोळण्याने सूज वाढते. थंड फडके ठेवावे, नेहमीप्रमाणे पाजावे, आणि ताप येऊन चोवीस तासांत उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जावे. स्तनपान चालू असताना घेता येतील अशी प्रतिजैविके आणि पॅरासिटामॉलसारखी वेदनाशामके उपलब्ध आहेत. औषध चालू आहे म्हणून दूध तोडायचे, ही बहुतेक वेळा अनावश्यक घाई असते.

सासूबाई गुटी सुरू करायची म्हणतात, असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरडशेंग उगाळून चाटवण्यामागे नातीविषयीची माया आहे, ती मी नाकारत नाही. परंतु सहा महिने केवळ आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आपले बालरोगतज्ज्ञ सांगतात त्याला ठोस कारण आहे: सहाण आणि बोट कितीही धुतले तरी पूर्ण निर्जंतुक होत नाहीत, आणि उगाळलेल्या वेढ्यांचे प्रमाण ठरवणे कोणालाच शक्य नसते. मध तर वर्षभर मुळीच देऊ नये, त्यातील जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. मालीश करणाऱ्या बाई बाळाची स्तनाग्रे पिळून ‘दूध’ काढत असतील तर तेही ताबडतोब थांबवा. आईच्या संप्रेरकांमुळे बाळाच्या स्तनांना आलेली ती सूज आपोआप उतरते आणि पिळल्याने पू होतो. डॉक्टरांनी सांगितलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र रोज द्यायचे आहेत, ते वरच्या दुधात मोडत नाहीत. सासूबाईंना दुखवू नका, त्यांना काम द्या: पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे आणि दोन पाजण्यांच्या मध्ये तुम्हाला झोपू देणे, हे त्यांच्याइतके चांगले कोणी करणार नाही.

तुमच्या आहाराबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पहिल्या सहा महिन्यांत नेहमीपेक्षा रोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात, म्हणजे साधारण दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि एक डिंकाचा लाडू. आळिवाची खीर, मेथीचे लाडू, बाळंतशेपा, खसखस, खारीक हे सगळे आवडत असेल तर जरूर खा, त्यांतून लोह, कॅल्शियम आणि ताकद मिळते. पण दूध वाढवण्याचे काम त्यांच्यावर सोपवू नका, ते काम बाळाच्या तोंडाचे आहे. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे हा समज चुकीचा आहे, तहानेप्रमाणे प्या. वांगे, कोबी, डाळ खाल्ल्याने बाळाला वात होतो म्हणून नुसत्या वरण-भातावर राहणेही नको.

फार थोड्या मातांना खरोखरच दूध कमी येते. थायरॉईडचा विकार, प्रसूतीच्या वेळी झालेला मोठा रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणे, पूर्वी झालेली स्तनाची शस्त्रक्रिया, गर्भारपणात स्तनांत कोणताच बदल न होणे, यांपैकी काही तुमच्या बाबतीत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. वरील सर्व नीट करूनही आठवड्याभरात फरक पडला नाही तर तपासण्या व औषधे यांचा विचार करता येतो, पण दूध वाढवण्याची गोळी कोणाच्या सांगण्यावरून स्वतःहून घेऊ नका. कमी दूध असलेली आईही जेवढे येईल तेवढे पाजू शकते, आणि तेवढ्याचाही बाळाला लाभ होतो.

पुढील गोष्टी दिसल्या तर दोन दिवसांचीही वाट न पाहता रुग्णालयात जा: बाळ उठवूनही न उठणे किंवा दोन वेळा सलग दूध न घेणे, आठ तास शू न होणे, अंग तापणे किंवा गार पडणे, काविळीचा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचणे, वजन आणखी उतरणे. तुमच्याबाबतीतही एक सांगते. पहिल्या दोन आठवड्यांत कारण नसताना रडू येणे पुष्कळ जणींना होते आणि ते ओसरते. पण त्यानंतरही उदासी टिकली, झोपायला मिळूनही झोप लागली नाही, किंवा स्वतःबद्दल वा बाळाबद्दल भलते विचार येऊ लागले, तर घरात सांगा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी भेटा.

नोकरीविषयी आत्ता विचार करून जिवाला घोर लावून घेऊ नका. कायद्यानुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, रुजू झाल्यावर बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या घेता येतात, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असणे बंधनकारक आहे. एसटी स्थानकांवर आता बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष असतात, तसा एक आडोसा कार्यालयातही मागून घेता येतो. हाताने दूध काढण्याचे जे कौशल्य या आठवड्यात शिकाल तेच तेव्हा उपयोगी पडेल. काढलेले दूध स्वच्छ झाकणाच्या भांड्यात, खोलीत गारवा असेल तर चार तास आणि फ्रीजमध्ये आतल्या बाजूला चोवीस तास निश्चित राहते. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या उन्हाळ्यात ते खोलीत ठेवूच नका.

आजपासून एका वहीत पाजण्याच्या वेळा, शू, शी आणि वरचे दूध किती दिले ते लिहीत जा. थकलेल्या डोक्याला हे आठवत नाही आणि डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो. वजनाला नेताना बाळाला भुकेच्या वेळेच्या थोडे आधी न्या, म्हणजे वजन झाले की तिथेच, डॉक्टरांच्या किंवा परिचारिकेच्या समोर, पाजून दाखवता येईल. बाळ स्तनाला लागलेले असताना त्यांनी प्रत्यक्ष वाकून पाहावे असा आग्रह धरा, आणि ते पाहून होईपर्यंत खुर्चीवरून उठू नका.